लिबियातली चिंच

लिबियाचा समुद्रकाठचा रस्ता मी आजवर पाहिलेला नाही. तरीही त्या रस्त्यावरची थांबण्याजोगी अकरा ठिकाणं मी एका सज्जन जर्मन बाईंना लिहून दिली. कुठे सावली आहे, कुठे पाणी गोड लागतं, सगळं अंतरासकट. ही चूक माझी. अजाण पोर होतो असंही नाही. एकतीस वर्षांचा होतो, चार वर्षं कॉलेजात शिकवून जर्मनीत गेलो होतो आणि विद्यार्थ्यांना खऱ्या-खोट्यावर व्याख्यानं दिलेली होती. भाषा कळली नाही ही सबबही मला नाही. प्रश्न नीट कळला होता. उत्तरही नीट ठाऊक होतं. ते दिलं नाही, इतकंच.

हॅनोव्हरच्या एका तांत्रिक संस्थेत मी पंपांमधल्या कंपनांवर प्रबंध लिहीत होतो, म्हणजे लिहिणार होतो. एका निवृत्त ट्राम-चालकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक खोली भाड्याने घेतली होती. घरमालक कमालीचे अबोल. दिवसातून दोनदा घड्याळाला किल्ली द्यायचे आणि तेवढं झालं की दिवसभराचं बोलणं झालं असा त्यांचा चेहरा असायचा. बाई मात्र बोलक्या. लग्नाआधी त्या कुठल्याशा कचेरीत टाइपिस्ट होत्या आणि टाइपरायटर अजून जेवणघरात, विणलेल्या कव्हराखाली, देव्हाऱ्यासारखा ठेवलेला होता.

पहिल्या दिवसापासून त्या मला 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायला लागल्या. माझं पहिलं प्रकरणही झालेलं नव्हतं. त्या दिवशी मी दुरुस्ती केली नाही आणि दुसऱ्या दिवशी करायला उशीर झाला होता. माझी सगळी पापं याच पद्धतीने झाली आहेत.

दर रविवारी दुपारी चारला कॉफी आणि केक. चार म्हणजे चार. चारला एक मिनिट कमी असताना मी दारात उभा राहिलो, तर घरमालक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मी एक मिनिट उभाच राहायचो. अशाच एका रविवारी बाईंनी विचारलं, "हेर डॉक्टर, तुम्ही इतक्या लांबून आलात कसे? वाळवंटातून?"

खरं उत्तर सोपं होतं. मुंबईहून बोटीने जेनोआ, पुढे आगगाडी. बोटीत मी बहुतेक वेळ आडवा होतो. पोर्ट सैदला सगळे उतरून पिरॅमिडची चित्रं घेऊन आले, मी पोट धरून केबिनमध्ये. हे मी संस्थेत एकदा सांगून पाहिलं होतं. कोणी हसलं नाही आणि कोणी दुसरा प्रश्नही विचारला नाही.

शिवाय मी पुण्याचा. आमच्या पेठेत पत्ता विचारायला आलेल्याला 'ठाऊक नाही' म्हणणं हा घराण्याला बट्टा. ठाऊक नसेल तर त्याला निदान उजवीकडे तरी पाठवायचं. आमचे एक काका तर आधी पाठवायचे आणि मग विचारायचे की जायचं कुठे होतं.

"हो, थोडंफार वाळवंटातून," मी म्हणालो. "इजिप्तला बोट सोडली. तिथून समुद्राच्या कडेने मोटारीने ट्यूनिसपर्यंत."

घरमालकांची सुरी लोण्यावर थांबली. "सो," म्हणजे 'असं का', ते म्हणाले आणि पुन्हा लोणी लावायला लागले.

बाईंनी मला केकचा दुसरा तुकडा वाढला. तोपर्यंत माझ्या ताटलीत कधी दुसरा तुकडा पडला नव्हता. आज विचार करतो, तेव्हा त्या तुकड्यालाही थोडा दोष द्यावासा वाटतो. पण प्लम-केकवर आळ घेऊन माणूस सुटत नाही.

पुढच्या रविवारी बाई वही घेऊन बसल्या. "आल्झो, तर मग, पहिला थांबा कुठला? पाहण्याजोगा?"

मी आठवडाभर संस्थेच्या वाचनालयात ॲटलास पाहून ठेवला होता. पण ॲटलासात काय असतं? एक निळा पट्टा, एक पिवळा पट्टा आणि मधून जाणारी लाल रेघ. गावांची नावं मिळाली. गावात काय आहे ते कोण सांगणार? तेव्हा मी केलं ते असं, की मला जो एकच लांबचा रस्ता पाठ होता तो उचलून लिबियात नेऊन टाकला. पुणे-कोल्हापूर. एस.टी.ने पंचवीस वेळा केलेला.

त्रिपोलीच्या पुढे मी शिरवळची धर्मशाळा बांधली. तिच्या दारात भलंमोठं चिंचेचं झाड लावलं. त्याच्या पुढे वाईकडची एक विहीर खणली, दगडी काठाची, रहाटाची, बारमाही गोड पाण्याची. खंबाटकीचा घाट तसाच्या तसा नेता येईना, कारण ॲटलासात तिथे डोंगर नव्हता. म्हणून त्याची एक उंच टेकडी केली आणि वरून दरीऐवजी समुद्र दाखवला. बेनगाझीच्या अलीकडे एक म्हातारा बसवला. वाटसरू आला की कोण, कुठला, काही न विचारता तो आधी गूळ आणि पाणी पुढे करतो. हा कराडजवळचा होता. एकदा बस बिघडली तेव्हा त्याने अख्ख्या बसला पाणी दिलं होतं.

रोमन लोकांच्या नगराचे अवशेष मात्र अस्सल होते, ज्ञानकोशातून घेतलेले. बाईंना नेमके तेच रुचले नाहीत. "पडके दगड पाहायला इतक्या लांब कशाला?" त्या म्हणाल्या आणि ते यादीत घेतलेच नाहीत. युद्धात त्यांची अर्धी गल्ली पडली होती.

चिंचेवर मात्र त्या खूश. "केवढं झाड, हेर डॉक्टर?"

"खाली चाळीस माणसं बसतील."

"वाळवंटात!" त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत?"

घरमालक खिडकीबाहेर बघत होते. "ऐकलं. मोठं झाड आहे."

हिवाळाभर असं चाललं. एक थांबा, एक जास्तीचा तुकडा. बाई रोज संध्याकाळी वहीतून टाइप करायच्या. कार्बन घालून तीन प्रती. रकाने पाडलेले होते: क्रमांक, अंतर, ठिकाण, पाहण्याजोगं काय, सावली, पाणी, किती वेळ थांबावं. जर्मन माणूस टाइप केलेल्या कागदावर शंका घेत नाही. मला स्वतःलाही, तो कागद हातात घेतल्यावर, आपण तिकडून जाऊन आलोय असं वाटायला लागलं होतं.

माझा एक मित्र होता, मिरजेचा, त्याच संस्थेत. त्याला मी मोठ्या अभिमानाने एक प्रत दाखवली. त्याने वाचली आणि खुर्चीवरून पडायचा राहिला.

"अरे लेका, हे शिरवळ आहे!"

"हळू बोल."

"आणि हा म्हातारा! गूळ-पाणी! लिबियात गुऱ्हाळ कोणी काढलं, तुझ्या बापाने? कंदी पेढे विसरलास वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "खजुराचे लाडू म्हणून घातलेत. नववा थांबा."

तो हसता हसता थांबला. "गंमत ठीक आहे रे. पण त्या जाणार नाहीत ना खरंच?"

"छे! म्हातारी माणसं. हौस म्हणून लिहून घेतात."

जानेवारीत बाईंनी केक कापायच्या आधी जाहीर केलं, की त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली आहे. मार्चमध्ये दोघं निघणार. आल्प्सपलीकडे, इटली, तिथून बोटीने ट्यूनिस आणि मग माझा रस्ता. "तुमचा रस्ता" असंच त्या म्हणाल्या.

मी त्या दिवशी केक खाल्ला नाही. त्यांना वाटलं, भारतीयांचा काही उपास असेल. मी तेही दुरुस्त केलं नाही.

यापुढचे सहा आठवडे मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, म्हणून सगळं सांगतो. खरं सांगणं सोडून मी बाकी सगळं केलं. आधी म्हणालो, वाळवंटातले रस्ते वाऱ्याने बदलतात. बाई म्हणाल्या, म्हणूनच अंतरं लिहिली आहेत. मग म्हणालो, मार्च हा महिना तिकडे वाईट. "तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होतात?" त्यांनी वही काढून पाहिलं. "मार्च. गेनाऊ. अगदी तोच." मग मी प्रत्येक थांब्यापुढे 'बहुधा' हा शब्द घालायला सांगितला. त्यांनी अकराही ठिकाणी 'बहुधा' टाइप केला, कागद वाचला, आणि म्हणाल्या की याने रकाना बिघडतो. कागद फाडून पुन्हा जुना टाइप केला. संस्थेत माझे पंप थरथरत होते आणि त्यांच्यासमोर मी. रात्री 'पाणी' हा रकाना डोळ्यांसमोर यायचा. चौथा थांबा: हो, गोड, बारमाही.

शेवटच्या रविवारी बाईंनी माझ्या मित्रालाही बोलावलं. भूगोलाची परीक्षा द्यायची असल्यासारखा तो टाय लावून आला. बाई यादी मोठ्याने वाचत होत्या, घरमालक एका चिठ्ठीवर सामान लिहीत होते.

"पाण्याचे कानिस्टर दोन?" त्यांनी विचारलं.

"एक पुरे," बाई म्हणाल्या. "चौथ्या थांब्याला विहीर आहे. दुसऱ्याच्या जागी टाइपरायटर बसेल."

मित्राने टेबलाखालून मला लाथ मारली. ती लागली नसती तर मी बोललो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

"विहीर नाहीये," मी म्हणालो.

"आटली?"

"नव्हतीच. म्हणजे आहे, पण साताऱ्याकडे. मी त्या रस्त्याने कधी गेलोच नाही. मी बोटीने आलो. झोपून."

बाईंच्या हातातला कागद तसाच वर धरलेला होता. मग मी बोलायला लागलो, आणि थांबेचना. पुण्यातल्या पेठांविषयी बोललो, काकांविषयी बोललो, एकटेपणाविषयी, परक्या देशात माणसाला काहीतरी मोठं सांगावंसं वाटतं त्याविषयी, पोर्ट सैदच्या पोटदुखीविषयी. चांगली पंधरा मिनिटं बोललो. मित्र टाय सैल करून जमिनीकडे बघत होता.

"झालं?" घरमालक म्हणाले.

"झालं."

"त्या रस्त्यावर मी दोन वर्षं पाण्याचा ट्रक चालवलाय," ते म्हणाले. "युद्धात."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. नवरा आफ्रिकेत होता एवढं त्यांना ठाऊक होतं. पण तो काय करत होता, हे युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी त्यांना ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"म्हणजे तुम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"चिंचेच्या झाडापासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "मी या शहरात आयुष्यभर थांबे घेतले, हेर डॉक्टर. थांबा पाहण्याजोगा आहे म्हणून कोणी थांबत नाही. तिथे कोणीतरी उभं असतं म्हणून थांबतात. त्या रस्त्यावर माझा एकच थांबा आहे. तो कॉफीच्या टेबलावर सांगण्यासारखा नाही. तुमचे होते." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "आणि ती हसत होती."

बाई उठल्या आणि कपबशा गोळा करून स्वयंपाकघरात गेल्या. माझी कॉफी अजून कपात होती, तीही गेली. मी मागोमाग गेलो. मला वाटत होतं, आता त्या रागावतील आणि प्रकरण मिटेल. त्या नळाखाली बशी धरून उभ्या होत्या.

"मला वाळवंट पाहायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "यांना तिथे उभं राहिलेलं पाहायचं होतं. तिथे गेले तर बोलतील असं वाटलं. यांना विचारता येत नव्हतं, म्हणून मी तुम्हाला विचारलं. तुम्ही बोलत होतात, तेव्हा वाटायचं, यांनीही हेच झाड पाहिलं असेल."

मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "खरं म्हणजे आमच्याकडे काय असतं—"

"कृपा करून जा आता," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी भिंतीपलीकडून टाइपरायटरचा आवाज येत होता. घरमालकांचा घोगरा, थांबत थांबत येणारा आवाज आणि मागोमाग टकटक. शब्द कळत नव्हते. तिसऱ्या संध्याकाळी ते काहीतरी म्हणाले आणि टाइपरायटर थांबला. मग पुन्हा टकटक सुरू झाली, पण फार सावकाश, एकेक अक्षर शोधून मारल्यासारखी. ज्या बाई न बघता टाइप करायच्या, त्या.

ते निघाले तेव्हा टपावर दोन नव्हे, चार कानिस्टर होते. टाइपरायटर घरीच राहिला. मी खाली उतरून सामान चढवायला हात लावला. घरमालकांनी मान हलवली. बाईंनी मला झाडांना पाणी घालायचं वेळापत्रक दिलं, टाइप केलेलं. त्यातही पाण्याचा रकाना होता.

रिकाम्या घरात मी सात पानांचं पत्र लिहिलं, जर्मनमध्ये. तोपर्यंत माझा समज असा होता की कबुली दिली म्हणजे माफी मागून झाली, आता राहिला तो फक्त खुलासा. प्रबंधाचं एक प्रकरण सहा महिन्यांत होईना, पण या पत्राला मी पोटमथळे घातले: पार्श्वभूमी, कारणमीमांसा, समाजाचा दोष, उपसंहार. मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "उत्तम. हेच विद्यापीठाला दे, डॉक्टर होशील." मी ते बाईंच्या टेबलावर ठेवलं.

दोघं मे महिन्यात आली. उन्हाने रापलेली, बारीक झालेली. मी जिन्यात भेटलो, सामान वर नेलं. रविवारी चारला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. माझं पत्र मात्र तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून परत आलं. सातही पानांवर लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त केलेल्या होत्या, जर्मन पद्धतीने, समासात खुणा करून. शेवटी एक ओळ लिहिलेली होती: 'भाषा सुधारली आहे. यात माफी कुठे आहे?'

मी पत्र पुन्हा वाचलं. सात पानांत खरंच ती कुठे नव्हती. पुणे होतं, काका होते, केकसुद्धा होता.

तिसऱ्या रविवारी बोलावणं आलं. चारला मी आत गेलो. टेबलावर केक होता, आणि माझ्या बशीत एकच तुकडा, पातळ, पलीकडचं दिसेल असा. मी बसलो नाही. बाईंनी एक पुडी पुढे सरकवली. खजूर होते.

"बेनगाझीच्या अलीकडे," घरमालक म्हणाले, "गाडी तापली. एक म्हातारा आला. पाणी दिलं, हे दिले. मग विचारलं कुठले."

"आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो," बाई म्हणाल्या. "अकरापैकी एक थांबा तुमचा खरा निघाला, हेर डॉक्टर."

"आणि तुमचा थांबा?" मी घरमालकांना विचारलं.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. उत्तर बाईंनी दिलं. "तिथेही थांबलो. अर्धा दिवस. तिथे सावली नाही आणि पाणी नाही. हे बोलले."

घरमालक घड्याळाला किल्ली देत होते, आज तिसऱ्यांदा. मला एक चांगला खुलासा सुचत होता, म्हाताऱ्यावरूनच. खोटं बोलतानाही माणसाच्या हातून काही खरं निसटतं अशा धर्तीचा. जिभेवर आला होता. मी तो गिळला. तो गिळायला मला वर्ष लागलं होतं.

"मी अजून डॉक्टर नाही," मी म्हणालो. "मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही विश्वास ठेवलात आणि त्यावर मी केक खाल्ला. माझ्यामुळे तुमचं पाणी संपलं असतं. मला माफ करा."